पूजेत ठेवलेला लॅपटॉप

आमच्या घरमालकांइतका सोशिक माणूस मी पाहिला नाही आणि खरं सांगू, त्याचाच मला राग येतो. अप्पाजी त्यांचं नाव. तंजावरचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखातले. गिंडीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. मी सावनी, नाशिकची. ओरगडमला गाड्यांच्या कंपनीत आहे आणि चेन्नईत त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेल काढलेली. सुरुवातीला मला निम्मी कळायचीच नाही.

त्यांच्या बायकोला, हेमावतींना, त्यांच्या लोकांत लग्नाबारशाला म्हणतात ती जुनी मराठी गाणी येत. घशाच्या ऑपरेशनआधी मुलाने, मुरलीने, ती कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवली. एकेका गाण्याचं चित्र स्क्रीनवर मांडून दिलं, म्हणजे वडिलांना शोधावं लागू नये. बाई पुढे वारल्या. रोज दिवेलागणीला अप्पाजी तो जुना कॉम्प्युटरचा डबा सुरू करत. घरघर करत तो जागा होईतो यांची कॉफी संपे, आणि मग खालून हेमावतींचा आवाज यायचा. म्हाताऱ्याला दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

डबा थकला, मधेच बंद पडू लागला. झालं! मुरली श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात; तो म्हणे, विंडोजचा घ्या, बिघडला तर मी आहे. मुलगी जननी सिंगापूरला. तिचं म्हणणं, मॅकच घ्यायचा, तो बिघडतच नाही. व्हिडिओ कॉलवर दोघं हमरीतुमरीवर येत. प्रोसेसर काय, व्हायरस काय, बॅटरी काय! आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. अरे, बापाला त्यावर करायचंय काय, हे एकाने तरी विचारावं? अप्पाजी आपले दोघांनाही मान डोलवत.

शेवटी जननीने परस्पर मॅक मागवला, जुना देऊन नवा घ्यायच्या योजनेत. मुरली फुगून बसला. "तिने घेतलाय ना? मग तीच बघेल," म्हणाला आणि कामावर गेला. दोन-दोन तज्ज्ञ घरात, आणि कॉपी करायला म्हातारा! अप्पाजींनी स्क्रीनवरची ती सगळी चित्रं एकेक करून पेन ड्राइव्हवर ओढली. मॅक घेऊन आलेला माणूस जुना डबा उचलून गेला.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. आपली खंडेनवमीच, पण इथे फार कडक. पाटावर नवा लॅपटॉप, शेजारी पेन ड्राइव्ह, दोघांना चंदनकुंकू, वर मोगऱ्याची माळ.

"अप्पाजी, एकदा लावून तरी बघू या," मी म्हटलं.

"पूजेतल्या आयुधाला हात लावू नये गे. विजयादशमीला उघडू. हेमा काय पळून जाते?"

विजयादशमीला फुलं काढली. पेन ड्राइव्ह लावला. गाण्यांची नावं सगळी आली. अप्पाजींनी पहिल्या नावावर बोट दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं.

"ओरडून सांगत होतो, मॅक नको!" मुरली उसळला. फोनवरून जननी किंचाळली. पुन्हा तेच भांडण! माझं डोकंच फिरलं. मी वरून ऑफिसचा विंडोजवाला लॅपटॉप आणला. त्यावरही काही नाही. मग पाहिलं, तर पेन ड्राइव्हवर गाणी नव्हतीच. स्क्रीनवरची ती चित्रं म्हणजे नुसते शॉर्टकट, दारावरच्या पाट्या होत्या. गाणी त्या डब्याच्या पोटात होती.

मुरली चप्पल अडकवून जुना डबा परत आणायला धावत सुटला. दुपारी परत आला तो चेहरा पाडूनच. डिस्क पुसून झाली होती.

अप्पाजी एका शब्दाने कुणाला बोलले नाहीत. ओरडा ना हो, असं मला वाटत होतं.

दिवेलागणीला त्यांनी मला हाक मारली. मॅक बंद करून पाटावरच ठेवलेला होता.

"तू वरून रोज ऐकत होतीस नव्हे? एक तरी म्हण."

बारशाचं मला थोडंफार पाठ झालं होतं. म्हटलं. माझ्या तोंडून ते नाशिकचंच होऊन आलं.

"तसं नव्हे," अप्पाजी म्हणाले. "तिथे हेमा आवाज खाली सोडी. असा..."

त्यांनी सूर लावला, थांबले. पुन्हा लावला.

"असा..."

मग माझ्याकडे बघत राहिले. "मलाही येईना गे," म्हणाले.