मागं बांध फुटलाय

आधीच सांगतो, मी कारखान्यातला फिटर माणूस. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की टिंगल करणाऱ्यांत पहिला. तेव्हा मला देवभोळा ठरवायच्या भानगडीत कुणी पडू नये… जे घडलं ते सांगतो, बस्स.

साल त्र्याऐंशी. आमचं गाव पोशीर, नेरळजवळ, नोकरी साजगावला. डोक्यात ट्रेकिंगचं खूळ. आमच्या ग्रुपनं लाहौलमधलं सहा हजार मीटरचं एक शिखर ठरवलं, तिथलाच गाईड घेऊन. महिना जुलै — म्हणजे ऐन लावणी! बाबा भडकले. "भात चिखलात टाकून बरफ बघाया चाललास? लाज नाय वाटत?" मीही तोंड सोडलं — "तुमची शेती तुम्हालाच लखलाभ!" निघताना पाया पडायला वाकलो, तर त्यांनी पाय मागं घेतले. परत येऊन समजूत काढू, असं म्हणत निघालो झालं.

शिखर काही मिळालं नाही. दुपारी वारं सुटलं, सगळीकडे पांढरंफटक झालं आणि गाईड दोर्जे म्हणाला, "वापस." उतार इतका उभा की तोंड डोंगराकडे करून उलटं उतरायचं. बाकीचे खालच्या कॅम्पवरच थांबलेले, वर आम्ही दोघंच. दोर धरून दोर्जे वर, मी खाली. मला ते जड गेलं नाही. लावणीत आम्ही उलटंच चालतो ना… बाबांनीच शिकवलेलं, पाऊल आधी चाचपायचं, मग भार टाकायचा.

तेवढ्यात पाठीमागून, अगदी जवळून — "सद्या, थांब रं! मागं बांध फुटलाय!"

बाबांचा आवाज! उचललेला पाय तसाच अधांतरी. पुन्हा तीच हाक. मान वळवून पाहिलं, तर पावलाखाली बर्फाचा पातळ पापुद्रा आणि त्याखाली काळीशार भेग… तळ दिसेना. दोर्जेनं वरून विचारलं, "कौन चिल्लाया?" म्हणजे त्यानंही ऐकलं होतं.

ओठांवर 'ओ' आलं होतं, पण गिळलं. लहानपणापासून ऐकलेलं — रानात न दिसणाऱ्यानं हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नये. एवढा टिंगल करणारा मी, आणि तिसऱ्या हाकेची वाट बघत राहिलो. ती आलीच नाही. आम्ही बाजूनं वळसा घालून उतरलो.

चार दिवसांनी रस्त्याला लागलो तेव्हा तार हातात पडली. पावसानं दरडी कोसळून रस्ता बंद; घरी पोचेपर्यंत बाबांचं तेरावंही उरकलं होतं. अग्नी चुलतभावानं दिला. माझ्या नशिबी तेवढंही नव्हतं.

आई म्हणाली, "सोमवारी दुपारी लावणी चालली व्हती. मधीच उभं राह्यलं नि तुझ्या नावानं वरडलं, बांध फुटलाय म्हनून. दोनदा. आमी धावलो, तर बांध धड व्हता! मंग कान देऊन उभं राह्यलं… लई वेळ. नि तिथंच चिखलात बसलं ते…"

तोच सोमवार. तीच वेळ.

एक डॉक्टर मित्र म्हणतो, उंचीवर प्राणवायू कमी पडला की असे भास होतात. मान्य. पण दोर्जेला कसं ऐकू आलं? आणि शेतातल्या बायांनी ऐकलं ते?

त्या दिवशी मी आईला डोंगरावरचं सगळं सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. म्हणाली, "म्हंजी तुला ऐकू गेलं! मंग तू ओ दिलीस का रं?"

"दिली," म्हणालो.