व्याह्यांचा किल्टपीस

मानपानाच्या बाबतीत माझ्या बायकोच्या मामांइतका कडक माणूस आखाती देशांत दुसरा झाला नाही. आता ते निवृत्त होऊन नाशकात असतात. पण कतारमध्ये दुखानला तेलकंपनीच्या वसाहतीत होते तेव्हा त्यांच्या घरून रिकाम्या हाताने परतायची कोणाची टाप नव्हती. एसी दुरुस्त करायला आलेल्या इजिप्शियन माणसालाही त्यांनी नारळ आणि शर्टपीस दिला; तो 'शुक्रन, शुक्रन' म्हणत नारळ कानाशी हलवत गेला. मी तर भाचजावई. माझ्या कपाटात न शिवलेल्या शर्टपिसांची अशी चळत होती, की माझे शिवलेले शर्ट खुर्चीवर राहत.

अशा मामांच्या एकुलत्या एका लेकीने ऑफिसातला स्कॉटिश मुलगा पसंत केला. मामांनी एकच प्रश्न विचारला, "व्याह्यांना काय द्यायचं?" ते गृहस्थ मंगलप्रसंगी किल्ट, म्हणजे तिकडचा चुण्याचुण्यांचा पुरुषी घागरा, नेसतात, असं लेकीने सांगितलं. "मग किल्टपीस!" मामा म्हणाले. किल्टला आठ वार कापड लागतं हे ऐकून मामी गार पडल्या. नऊवारीला फक्त एक वार कमी! त्यात दर घराण्याचा चौकडा वेगळा, दुसऱ्याचा चालत नाही. मामा खूष. "म्हणजे कुळाचार आहे! चांगली माणसं दिसतात." कापड स्कॉटलंडहून मागवता आलं असतं. पण आहेराचं कापड चिमटीत चोळून न बघता घ्यायचं?

शाळेत मी चित्रकलेच्या परीक्षेला बसलो होतो (निकाल कोणी विचारला नाही), म्हणून रंगांचा जाणकार या नात्याने मला दोह्याच्या कापडबाजारात नेलं. वाटेत मामा हळूच म्हणाले, "जावईबापू, पोर फार लांब देतोय. पहिल्याच भेटीत त्यांना मान कमी पडला, तर तिला तिथे कोण विचारणार?" मी छाती पुढे काढली. चष्मा घरी राहिला होता, हे तेव्हा बोलण्यासारखं नव्हतं.

शेवटच्या दुकानात एकच ठाण बरं निघालं. मामांनी दोरा ओढून जाळला. लोकरीचा केस जळाल्यासारखा वास यायला हवा; आला बादली वितळल्यासारखा. "हल्ली लोकरीतही थोडं प्लास्टिक असतंच," मी म्हणालो. मोबाइलवरचा व्याह्यांच्या किल्टचा फोटो ठाणाशेजारी धरून मी निकाल दिला, "निळा, हिरवा आणि पिवळी रेघ. हेच!" दुकानदार म्हणाला, "साब, ये तो लडकियों के स्कूल का स्कर्टवाला है." मामांनी माझ्याकडे पाहिलं. "तो विकणारा, त्याला कुळाचार काय कळणार?" मी म्हणालो. आठ वार फाडून झालं. बाहेर उन्हात ती रेघ मला जराशी लाल वाटली, पण ऊन कतारचं होतं. त्यात सगळंच लालसर दिसतं.

दोह्याच्या 'द पर्ल' बेटावरच्या हॉटेलात लग्न लागलं. व्याही सहा फुटी, स्वतःच्या किल्टमध्ये: गडद निळ्यावर बारीक पिवळी रेघ. आणि मामांच्या हातातल्या ताटात नारळाखाली लालभडक रेघांचा शाळकरी स्कर्ट, आठ वार. मामा पांढरे पडले. मी बुफेकडे सरकलो. व्याह्यांनी कापड उलगडलं, निरखलं आणि गंभीरपणे विचारलं, हे कोणत्या घराण्याचं? एरवी बापाला इंग्रजीतच उत्तरं देणारी नवरी पुढे आली. "बाबा, तुम्ही गप्प राहा हं," ती मराठीत पुटपुटली, आणि सासऱ्यांना म्हणाली, "हे आमचं. माझ्या बाबांकडचं."

व्याह्यांचा चेहराच बदलला. आपल्या घराण्याचा चौकडा परक्याच्या अंगावर घालायचा, याहून मोठा मान त्यांच्याकडे नसावा. त्यांनी ते अख्खं कापड खांद्यावर घेतलं आणि मामांना कडकडून मिठी मारली.

पाठवणीच्या वेळी सगळे गाडीपाशी जमले. मामा लेकीकडे गेलेच नाहीत. व्याह्यांसमोर उभे राहून, मान खाली घालून, ते त्यांच्या खांद्यावरच्या चुण्या सारख्या करत होते. चुण्या केव्हाच सारख्या झाल्या होत्या. व्याहीही हलले नाहीत; गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत तसेच, खांदा पुढे करून उभे राहिले.