पंचआप्पांचा चष्मा

पंचआप्पांनी वाजवलेली शिट्टी कुणी मागे घ्यायला लावली, असं शिरूर-दौंडकडच्या कबड्डीत कधी घडलं नव्हतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, ताठ मान, आणि कुणी वाद घालायला आलं की एकच वाक्य, "मी पाह्यलंय." त्यापुढे कप्तानही गप्प बसायचे. आम्हा मुलींना त्यांचा धाक होता आणि आधारही. ते उभे असले की मुलींच्या सामन्यात टवाळी करायची कुणाची छाती होत नसे.

वयाचा विषय मात्र त्यांना चालायचा नाही. केस काळे करायचे. कुणी 'आबा' म्हटलं तर, "आप्पा म्हन, आबा व्हायला येळ हाय अजून." चष्मा लागला तेव्हाही शिरूरला न घेता ते दौंडला गेले, कारण तिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. हे मला नंतर त्यांच्याच तोंडून कळलं.

केंदूरच्या फायनलला शेवटची चढाई माझी होती. आम्ही एका गुणाने मागे. दोघींना शिवून वळले, तेवढ्यात मागून घोटा धरला गेला. पालथी पडले, हात लांब केला आणि मध्यरेषेवर बोटं टेकवली. रेषा आप्पांच्या पायाशीच होती. त्यांनी खाली पाहिलं, किंचित घुटमळले आणि मला बाद दिलं. मी उठून बोटं दाखवली, बोटांना रेषेची पांढरी फक्की लागली होती. "मी पाह्यलंय," आप्पा म्हणाले. माझ्या हाताकडे त्यांनी बघितलंही नाही.

पुढच्या रविवारी ते कासुर्डीला आमच्या दारात उभे. वडिलांनी खुर्ची पुढे केली, पण ते बसेनात.

"पोरी, तवा मला रेघच दिसली न्हाई. नुसतं धूसर. आन् तरी म्हनलो, पाह्यलंय."

"आप्पा, खेळ हाय. व्हतं असं," वडील म्हणाले.

"कसं व्हतं? चष्म्याच्या दुकानदारानं इचारलं व्हतं, काम काय करता? मी म्हनलो, पेपर वाचतो. त्याला पंच हाय म्हनून सांगाया नको वाटलं. काचेवर बायफोकलची रेघ दिसली की लोक म्हातारा म्हनत्यात, म्हनून बिनरेघेचा प्रोग्रेसिव्ह घेतला."

त्या काचेत वरून लांबचं दिसतं आणि खालून हातातलं वाचता येतं. पायाशी बघायला डोळे खाली वळवले की नजर नेमकी वाचायच्या भागातून जाते आणि जमीन पुसट होते. मग आप्पा माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "माझ्यासंगं दुकानात चल. एकटा गेलो तर परत खोटं बोलंन."

वडील आणि मी त्यांच्याबरोबर दौंडला गेलो. दुकानात गर्दी होती. दुकानदाराने तोच प्रश्न विचारला. आप्पांचे कान लाल झाले. मग ते नको इतक्या मोठ्याने म्हणाले, "मी कबड्डीचा पंच हाय. पायापाशी दिसत न्हाई मला. ह्या पोरीची टीम माझ्यामुळं हरली." बाकावरची माणसं वळून बघू लागली. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

दुकानदार शांतपणे म्हणाला, "मग मैदानावर नुसता लांबचा वापरा. वाचायला दुसरा ठेवा. रात्रीच्या सामन्यात दिव्यांचा त्रास होतो ना? चकाकी कमी करणारं कोटिंग घेऊ. आणि सहजी न फुटणारी लेन्स, धक्का लागतो तिथं."

"दोन चष्मे?" आप्पा पुटपुटले. मग म्हणाले, "द्या."

पुढच्या हंगामात आमच्या सामन्याआधी त्यांनी दोन्ही संघांना बोलावून केंदूरची चूक, चष्म्याच्या गोष्टीसकट, सगळ्यांसमोर सांगितली. "मी नको असलो तर आत्ताच बोला." दोन्ही संघ आपापल्या बाजूला जाऊन उभे राहिले. उत्तरार्धात त्यांनी मला बाद दिलं, पाय बाहेर गेला म्हणून. लगेच गर्दीतून आवाज आला, "आप्पा, आज कुठला चष्मा आनलाय?" सगळं मैदान हसलं. आप्पा तसेच हात वर करून उभे राहिले. मी मान डोलावली आणि बाहेर जाऊन बसले.

सामना संपल्यावर ते माझ्यापाशी आले. "खरंच बाद व्हतीस का गं? का माझी कीव केलीस?"

"खरंच बाद होते, आप्पा. टाच बाहेर पडली होती."

"आता मलाच इचारावं लागतंय," म्हणत त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली. त्यांना माझं पटलं नाही, हे मला दिसत होतं. त्यानंतर आप्पा मैदानावर आले नाहीत.