नळीभर दरेकसा

पुण्याहून निघाले तेव्हा कपड्यांची पिशवी फळीवर आणि यंत्राची पेटी मांडीवर, असा माझा थाट होता. हवेतला पारा मोजणं हे माझं काम. दगडी कोळसा जळला की त्यातला पारा वाफ होऊन उडतो आणि वाऱ्याबरोबर भटकतो. शहराची हवा वाईट आहे हे मी मोजून दाखवलं, तर आमचे सर म्हणाले, "वाईट, पण कशाच्या मानाने?" झालं! धुरांड्यांपासून लांबची, जंगलातली दिवसभराची हवा आणल्याशिवाय माझ्या साऱ्या कष्टांना काडीची किंमत नव्हती. शिवाय पेटी उसनी, म्हणजे दुसरी खेप नाही.

गोंदिया स्टेशनवर चहावाल्याने विचारलं, "मॅडम, डिब्बे में क्या है?"

"हवेतला पारा मोजायचं यंत्र."

"उसमें क्या नापना! पारा बयालीस पे है, टीवी पे बताया ना."

उन्हाचा नव्हे, खराखुरा पारा, असं मी बरंच समजावलं. त्याने गंभीरपणे मान डोलावली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला सांगितलं, "मौसमवाली मॅडम हैं." मी नाद सोडला.

सालेकसा गेलं आणि डोंगर रुळांना खेटून धावू लागले. दरेकसाला गाडी जेमतेम थांबते. उतरायच्या घाईत पिशवी खांद्याला अडकवून, पेटी छातीशी धरून मी खाली उडी मारली, आणि गाडी सुटल्यावर कळलं की चपला बाकाखालीच राहिल्या. ज्यांच्या घरी उतरायचं होतं त्या शेवंताबाई न्यायला आल्या होत्या. माझे पाय बघून म्हणाल्या, "चपला काऊन नाही घातल्या, बाई?"

"गाडीत राहिल्या."

"मंग त्या चालल्या पुढं डोंगरगडले, बमलाईदेवीच्या दर्शनाले!" हसता हसता त्यांनी स्वतःच्या चपला काढून दिल्या. मला हसू आवरेना. जेवायला भात आणि लाखोळीचं वरण (धान कापल्यावर त्याच शेतात होते ती डाळ). मी तीनदा वाढून घेतलं.

सकाळी अंगणात पंप सुरू केला. त्याच्या तोंडाशी काचेची नळी, आत सोन्याचा मुलामा दिलेली बारीक वाळू. सोनं दिसलं की पाऱ्याचाही पाय निघत नाही. मी खुशीत बसले, तोच धुराचा लोट थेट नळीवर आला. घरामागे शेवंताबाईंनी आणि शेजारणींनी मोहाच्या झाडांखालचा पाला पेटवला होता. जमीन साफ झाली की फुलं वेचायला सोपी जातात. पण झाडाची पानं हवेतला पारा धरून ठेवतात आणि जळताना तो सोडून देतात. नळी वाया गेली. माझ्याकडे आता एकच उरली होती.

मी ओरडत धावले. शेवंताबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "आता बराबर चढून राह्यला तुमचा पारा!"

मी काकुळतीला आले. उद्याचा एक दिवस तरी जाळू नका. त्यांनी शेजारणींकडे बघितलं. "नाही जाळत. पन फुलं त उद्याबी पडतीन. पाला कोन झाडन?"

"मी झाडेन."

"झाडा मंग."

दुसऱ्या दिवशी उजाडताच खराटा घेऊन भिडले. पहिल्या झाडालाच माझी दमछाक बघून बायकांची हसून पुरेवाट झाली, मग पदर खोचून त्याही उतरल्या. वरून फुलं टपटप डोक्यावर पडत होती, गोड वासाने गरगरत होतं, पंप अंगणात घुरघुरत होता, आणि आसपास धुराची रेघ नव्हती. इतकी आनंदात मी कित्येक वर्षांत नव्हते. संध्याकाळी नळीला घट्ट बूच लावलं.

पुण्यात नळी तपासली. पारा होता, पण इतका थोडा की मी प्रयोगशाळेत टुणकन उडी मारली. दरेकसाच्या एसटीडी बूथवर फोन लावून शेवंताबाईंना बोलावून घेतलं. "तुमची हवा चांगली निघाली!"

"चांगलीच हाये. तुमाले कायले एवढा आनंद?"

सरांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं म्हणून, असं सांगत होते, तेवढ्यात फोन कटला.

त्याच खुशीत पेढे घेऊन घरी आले. उकाड्याने हैराण झालेला नवरा म्हणाला, "ती खिडकी उघड गं, जरा चांगली हवा येऊ दे." मी खिडकीपाशी गेले, कडीला हात लावला, आणि तोंडातून सरांचाच प्रश्न निघाला, "कशाच्या मानाने?"