हरणाबाईच्या नाकाची खात्री

रहिमतपूरजवळच्या पशुखाद्याच्या कारखान्यात मक्याची गाडी आली की हमाल आधी मूठभर दाणे हरणाबाईच्या नाकाशी धरायचे. बाई झाडणारी, पण तिच्या नाकाला सगळ्या गोदामात मान. बुरशी तिला चार हात लांबून कळायची. "सोनं हाय, उतरवा," असं ती म्हणाली की माल उतरायचा. उतरताना सांडलेले दाणे झाडणारीचे, हा तिथला जुना रिवाज. त्या झाडणीवरच तिची म्हैस पोसली होती.

त्या दिवशी नवा तपासनीस जयराज तपासणीच्या पट्ट्या घेऊन आला. सोमवारी उतरलेला मका दळून, द्रावात ढवळून त्यानं पट्टी बुडवली.

"दोन रेघा आल्या तर माल चांगला. एकच आली तर बुरशीचं विष."

हरणाबाई हसली. हा मका तिनंच पास केला होता.

एकच रेघ आली. जयराजनं दुसऱ्या पोत्यातले दाणे घेतले. पुन्हा एकच.

"पर वास कुठं हाय ह्याला?"

"या विषाला वास नसतो, मावशी. धुऊन, वाळवूनही जात नाही. जनावरानं खाल्लं की दुधात उतरतं."

बाईनं हातातला झाडू टाकला. सोमवारची झाडण तिनं घरी नेली होती, आणि म्हशीचं दूध तिची नात सृष्टी पीत होती. धारेची वेळ झालेली. सुनेचा फोन नुसता वाजत राहिला.

"गाडी काढ रं बाबा!"

जयराजनं किक मारली. वाटेत उसाच्या ट्रॉल्या आडव्या. मागं बसून बाई सगळ्या ड्रायव्हरांना शिव्या घालत होती, आणि खरं तर स्वतःलाच.

दारात पोचली तर सृष्टीनं पेला तोंडाला लावलेला. बाईनं तो हिसकावला. पोरीनं भोकाड पसरलं. सून अंकिता गोठ्यातून धावत आली.

"आवं आत्या, ताजी धार हाय. वास तरी घिऊन बघा!"

सवयीनं पेला नाकाशी गेला. दूध नेहमीसारखंच, गोड वासाचं. तिनं पेला, चरवी, सगळं उकिरड्यावर ओतलं आणि रडणाऱ्या नातीला पोटाशी धरलं.

"कवापासनं घालतीस तो मका?"

"तुमी आणला तवापासनं," अंकिता म्हणाली. "तुमी वास घिऊन पास केलेला, म्हणून तर बिनघोर घातला."