मंगळवारची एक रिंग

हे सोलेदाद माउली, एकाकी मरिये, काळ्या मखमलीत एकटी उभी राहणाऱ्या जगज्जननी, तुला हाक मारायला आकडे दाबावे लागत नाहीत. तुझ्या दारी आलेली हाक कोणी चोरून ऐकत नाही, आणि लेकरू कुठून बोलते आहे हे तू चारचौघांत सांगत नाहीस. न बोललेलेही ज्यांना ऐकू येते, त्या तुझ्या कानांशी आज एक नाव ठेवायचे आहे. ओतिलिया. वाहाकाच्या डोंगरातल्या याबेओ गाव जिला आदराने दोन्या म्हणे ती ओतिलिया, जिने सत्तावीस वर्षे साऱ्या गावाला हाका मारल्या, आणि आता जिला एकही हाक मारण्याची मुभा नाही.

त्या काळी याबेओत फोन एकच होता, आणि तो ओतिलियाच्या स्वाधीन होता. एक खोली, खोलीत लाकडी कपाटासारखी एक बंदिस्त जागा, आणि छपरावर पत्र्याचा मोठा कर्णा. दूर उत्तरेला कामाला गेलेल्या मुलाने फोन करायचा, आपले नाव सांगून ठेवून द्यायचा. मग ओतिलिया कर्ण्यावरून हाक द्यायची, आणि दहा मिनिटांनी त्याचा फोन पुन्हा येईपर्यंत घरचे माणूस धापा टाकत दाराशी हजर व्हायचे.

"दोन्या पेत्रा! तुमचा मुलगा बोलावतोय! तोर्तिया तव्यावरून उतरवा आणि या! घाबरू नका, आवाजावरून बरा दिसतोय!"

तो आवाज कॉफीच्या मळ्यांपर्यंत पोहोचे, ओढ्यावर धुणे धुणाऱ्या बायकांपर्यंत पोहोचे. चर्चमध्ये मिस्सा चालू असला तर पाद्रीबाबाही क्षणभर थांबत. कोण बोलते आहे आणि कुठून, हे सांगायचेच, अशी तिथली रीत. फोन आजाराचा की आनंदाचा, धावायचे की चालत जायचे, हे ऐकणाऱ्याला त्यावरूनच कळे. ओतिलियाला त्या आवाजाचा अभिमान होता. देवाने दिलेले दान ते, आणि तिने ते हातचे न राखता वाटले.

असेच वाटताना एक दिवस तिच्या हातून ते घडले.

तोमासा नावाची सून नवऱ्याच्या माराला कंटाळून चार महिन्यांपूर्वी गावातून नाहीशी झाली होती. जिवंत आहे की नाही, तिच्या आईलाही ठाऊक नव्हते. एका सकाळी तिचा फोन आला. ओतिलियाला आनंद मावेना. ती कर्ण्यावर ओरडली, "दोन्या लुसिना, तुमची तोमासा जिवंत आहे! पुएब्लाहून बोलतेय, बसस्टँडजवळच्या बेकरीतून!"

आई पोहोचण्यापूर्वी नवरा पोहोचला.

त्याने ओतिलियाला नमस्कार केला, टोपी काढली, रिसीव्हर कानाला लावला आणि एक शब्दही न बोलता ठेवून दिला. पाच दिवसांनी तोमासा गावात परतली. त्यानंतर बाजारात ती दिसे ती शाल कपाळावर ओढून, आणि ओतिलियाच्या खोलीसमोरून जाताना रस्त्याची पलीकडची कड धरून. क्षमा मागायला ओतिलिया तीनदा तिच्या दारापर्यंत गेली, आणि तिन्ही वेळा तिचा तो गावभर पोहोचणारा आवाज ओठांपर्यंतही आला नाही.

मग डोंगरावर टॉवर आला. ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला, आणि कर्ण्यात चिमण्यांनी घरटे केले. विधवा ओतिलिया शहरात भाचीकडे राहायला आली. तिथल्या चर्चमधल्या सिस्टरनी तिला एका घरी नेले; ज्या घराच्या दारावर पाटी नाही, जिथे मार खाऊन निघालेल्या बायका लेकरांसह राहतात, असे ते घर. सिस्टर म्हणाल्या, "दोन्या, लोकांनी दिलेले जुने फोन पडून आहेत. या बायकांना ते तयार करून द्यायला कोणी नाही."

ओतिलियाने ते काम व्रतासारखे घेतले. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी ती भाचीच्या मुलीकडून एकेक बटण शिकली. जुना फोन पुसून कोरा करायचा, नवे सिमकार्ड घालायचे, आपण कुठे आहोत हे फोन ज्या वाटांनी सांगतो त्या सगळ्या बंद करायच्या. पासवर्डला लेकराची जन्मतारीख नको. ती बापालाही पाठ असते. आणि नंबर फोनमध्ये साठवायचे नाहीत, ते तोंडपाठ करायचे. त्यासाठी तिने जपमाळ हाती घेतली. माळेच्या एका दशकात मणी दहा, नंबराचे आकडेही दहा. एका मण्याला एक आकडा. त्या घरातल्या बायका दुपारी ओळीने बसून आधी मरियेचे नाव घेत आणि मग ओतिलियाचा नंबर म्हणत.

"दोन्या, हळू सांगा!" बायका हसत. "तुमची कुजबुजसुद्धा पलीकडच्या गल्लीत ऐकू जाते."

"काय करू गं, सत्तावीस वर्षं कर्णा गिळून बसलेय मी."

माक्लोविया त्या घरी आली ती उजवा हात गळ्यात बांधून. वय सव्वीस. नवरा एलाद्यो गावच्या बँडमध्ये तुतारी वाजवी, आणि गावात त्याच्यासारखा गोड बोलणारा नाही, असे सगळे म्हणत. रात्रीच्या अंधारात एकटीने डोंगर उतरायचा म्हणून सहा वर्षांच्या चाबेलाला तिने आजीकडे, म्हणजे आपली आई हासिंता हिच्याकडे ठेवले होते.

ओतिलियाने तिच्या हातात फोन ठेवला, तेव्हा ती तो उलटासुलटा करून पाहत राहिली. "माझा? म्हणजे माझाच? तो म्हणायचा, तुला फोन कशाला, बोलायला मी आहे ना."

"बोलायला होता की ओरडायला?"

माक्लोविया हसली, आणि हसताना दुखरा हात सावरला. मग म्हणाली, "दोन्या, पण मी फोन लावू कुणाला? आमच्या गावी अजून टॉवर नाही. एकच फोन आहे. कर्ण्याचा."

ओतिलियाच्या हातातली माळ थांबली.

तीन दिवस ती जेवली नाही नीट. चौथ्या दिवशी तिने युक्ती सांगितली. माक्लोवियाचे नाव घ्यायचेच नाही. महिन्यातून एकदा त्या गावी मिस्सा म्हणायला जाणाऱ्या पाद्रीबाबांकरवी हासिंताला निरोप गेला: गुरुवारी कर्ण्यावर 'तुमची कोमाद्रे ओतिलिया' अशी हाक आली, तर नातीला घेऊन यायचे आणि हळू बोलायचे. लेकराच्या बाप्तिस्म्याने जोडलेली बहीण ती कोमाद्रे. तिकडे प्रत्येकीला पाच-पाच असतात, त्यातली कोणती हे विचारतो कोण?

पहिल्या गुरुवारी फोन लागला. नंबर दिसणार नाही, अशी तजवीज ओतिलियाने केली होती. कर्ण्याच्या बाईला निरोप सांगितला, दहा मिनिटे थांबून पुन्हा लावला, आणि पलीकडून आवाज आला.

"आई, माझा दात पडला. मी तो उंदराला दिला."

"दिलास? मग उंदराने काय दिलं?"

"अजून काही नाही. कंजूष आहे." मग थांबून, "आई, तू कुठे आहेस?"

ओतिलियाने इशाऱ्याचे बोट उचलले. माक्लोवियाने तिच्याकडे पाहिले, आणि लेकीला म्हणाली, "फोनात आहे, बाळा. इथे फोनात बसलेय."

दुसरा गुरुवारही असाच पार पडला. त्या दोन गुरुवारांत माक्लोविया जेवू लागली, वेणी घालू लागली, फोन उशाशी न ठेवता छातीशी ठेवून झोपू लागली. ओतिलियाच्या मनात आले, माउली, तोमासाचे देणे तू माझ्याकडून असे फेडून घेते आहेस काय? आणि तिला फार वर्षांनी गाढ झोप लागली.

तिसऱ्या गुरुवारी गावच्या जत्रेची तयारी चालली होती. चौकात बँड बसला होता. कर्ण्यावर हाक आली, "दोन्या हासिंता, तुमची कोमाद्रे ओतिलिया बोलावतेय!" आजीने नातीचा हात धरायच्या आत चाबेला सुटली. चौक ओलांडून, वाद्यांच्या मधून, ती ओरडत पळाली, "माझी आई फोनात आली! माझी आई फोनात आली!"

हे सगळे पाद्रीबाबांनी मागाहून सांगितले. इकडे शहरातल्या खोलीत दोघींना ऐकू आले ते एवढेच: लांबवर बँड, त्यातून एकाएकी एक तुतारी कमी झालेली, लेकराची धाप, "आई, उंदराने मला...", आणि मग पुरुषाचा आवाज. मऊ, मधाळ.

"माक्लो. बरी आहेस ना गं? हात बरा झाला? चाबेला माझ्या कडेवर आहे बघ. आजपासून आमच्याच घरी झोपेल ती. तू कुठे आहेस, मी विचारणार नाही. शोधणारही नाही. तूच ये."

फोन बंद झाला.

ओतिलिया जमिनीवर बसली. तिने शिकवलेले सगळे बरोबर होते. नंबर दिसला नाही, जागा कळली नाही, नाव उच्चारले गेले नाही. फोन सुरक्षित राहिला. आणि त्याचा आता कोणालाही काही उपयोग नव्हता.

सिस्टरनी वकीलबाईंना बोलावले. लेकीचा ताबा मागणारा अर्ज झाला. वकीलबाई म्हणाल्या, "दोन महिन्यांनी तारीख आहे."

"दोन महिने ती त्याच्या घरी?" माक्लोवियाने विचारले.

दुसऱ्या दिवशी तिने गाठोडे बांधले. त्या घराचे दार बाहेरून येणाऱ्यासाठी बंद असते. आतून जाणाऱ्याला अडवायचे नाही, असा तिथला नेम.

"माझ्यामुळे झालं गं," ओतिलिया म्हणाली. "पुन्हा माझ्याच नावाने हाक गेली."

"तुमचं काय चुकलं, दोन्या? त्याला फोन नाही सापडला."

"आणि तू?"

"मला शोधावंच लागलं नाही त्याला. मीच जातेय."

ओतिलियाने फोनची रिंग बंद केली, तो प्लास्टिकमध्ये तीनदा गुंडाळला आणि तिच्यासोबत द्यायच्या मक्याच्या मळलेल्या पिठाच्या बादलीत खोल दाबला. "घरीही पिठातच ठेवायचा. पुरुष पिठात हात घालत नाहीत. त्यांना वाटतं, तोर्तिया झाडाला लागतात."

माक्लोविया हसली नाही. दोघींनी खूण ठरवली. दर मंगळवारी खालच्या गावी बाजार भरतो, तिथे टॉवर आहे. अकराच्या सुमारास एक रिंग देऊन कापायचे: मी जिवंत आहे. दोन रिंगा: लेक माझ्याजवळ आहे, आम्ही बसस्टँडवर उभ्या आहोत, सिस्टरची गाडी पाठवा. उलट फोन कधीच करायचा नाही. मग माळेचे एक दशक हाती घेऊन माक्लोवियाने ओतिलियाचा नंबर एकदा म्हणून दाखवला, आणि माळ गळ्यात घातली.

पहिल्या मंगळवारी एक रिंग आली. दुसऱ्या मंगळवारी एक.

तिसऱ्या मंगळवारी ओतिलिया सकाळी सातपासून बसली. अकरा वाजले, बारा वाजले, बाजार उठायची वेळ झाली. भाचीने केलेला गरम चॉकलेटचा वाडगा समोर निवून गेला. फोन वाजला नाही.

चौथ्या मंगळवारी, म्हणजे परवा, साडेअकराला फोन वाजला. नंबर अनोळखी होता. कुठल्या दुकानाचा असेल, कोणा बाईकडून घटकाभर मागून घेतला असेल. म्हणजे बादलीतला फोन गेला. कसा गेला आणि त्या दिवशी घरात काय घडले, हे विचारायला वाट नव्हती. पण माक्लोवियाच्या ओठांवर दहा मणी शाबूत होते.

एक रिंग वाजली. ओतिलिया दुसरीची वाट पाहत राहिली. दुसरी आली नाही.

त्या नंबरावर उलट फोन करायला एक बोट पुरे होते. जिच्या आवाजाने डोंगर ओलांडला, तिचे बोट त्या बटणापर्यंत गेले. फोन कोणाच्या हातात वाजेल? कोण टोपी काढून, गोड हसून तो कानाला लावील? तिने बोट मागे घेतले. ओठ मिटले. आणि पुढचा मंगळवार किती दिवसांवर आहे, हे तिने माळेच्या मण्यांवर मोजले.

माउली, हिची मिटलेली हाक तू ऐक. ओतिलियाच्या घरी चुलीवर चॉकलेट उकळत राहो, भाचीच्या लेकराबाळांना आयुष्य लाभो. बिनपाटीच्या त्या दाराआड झोपलेल्या प्रत्येकीला सकाळ दिसो. तोमासाच्या कपाळावरची शाल एक दिवस मागे सरो. माक्लोवियाचा हात बरा असो, चाबेलाला तिच्या दाताचे मोल मिळो. आणि एखाद्या मंगळवारी, तुझ्या कृपेने, ती रिंग दोनदा वाजो.