डुकराईले बंदूक

सगळा मेहकर तालुका उकंडाजींना 'बंदूकवाले' म्हणे, आणि त्या माणसाने उभ्या जन्मात बंदुकीला बोट लावलेलं नव्हतं. त्यांचं हत्यार म्हणजे शाईची पेन्सिल. ती जिभेवर ओली केल्याशिवाय नीट उमटत नाही, आणि उकंडाजींना लिहिण्याचा सोस असा की त्यांची जीभ बारमास जांभळी. नवख्या पाव्हण्याला वाटे, याला काहीतरी रोग आहे. रोग होताच. नागपूरला असेंब्लीच्या मेंबरांना पत्रं लिहिण्याचा रोग.

जानेफळच्या बाजाराच्या आदल्या दिवशी ते ओसरीवर बसत, मांडीवर पाट घेत आणि लिहीत. अक्षर जवारीच्या दाण्यापेक्षा मोठं, बोरापेक्षा थोडं लहान. मजकूर ठरलेला : आम्हा जंगलकाठच्या कास्तकारांना बंदुकीचं लायसन द्या. आमच्या पोस्टमनचा डावा खांदा उजव्याहून खाली गेला तो या पत्रांच्या ओझ्याने, असं मी म्हणतो. पोस्टमन म्हणे, तो जन्मापासून तसाच आहे. पण पोस्टमन पडला सरकारचा नोकर, तो सरकारच्याच बाजूने बोलणार.

माझं आणि त्यांचं वावर धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लागून. त्यापुढे जंगल, आणि जंगलाच्या पार निजामाची हद्द. त्या जंगलात जी रानडुकरं होती तशी आता देव घडवत नाही. एकाच्या सुळ्यावर मी माझं धोतर वाळत घातलं असतं, तो जरा थांबला असता तर. कळपाचा म्होरक्या आधी एकटा येई, उकंडाजींच्या वावरातलं एक कणीस मोडून चव पाही, आणि पसंत पडलं नाही तर कळपाला माझ्या वावरात पाठवी. पेरायचं आम्ही, निंदायचं आम्ही, सोंगायचं डुकरांनी, असा रिवाज पडून गेला होता. वावरात लाकडं रोवून बांधलेल्या माळ्यावर बसून आम्ही जागल करायचो, रॉकेलचा रिकामा डबा बडवायचो. नवं डुक्कर डब्याला दोन दिवस भीत असे. जुनं डुक्कर डब्याच्या तालावर खात असे.

ही गंमत इथवरच. उकंडाजींची बायको मंजुळाबाई भर दुपारी तुरीत शेंगा तोडत होती. कळपातून फुटलेला एकाड्या डुक्कर तुरीच्या तासातून निघाला आणि तिची मांडी फाडून गेला. उकंडाजी हाकेच्या अंतरावर होते, हातात डबा होता, ते डबाच बडवत धावले. खाटेवर घालून आम्ही बाईला मेहकरला नेलं. जीव वाचला, पाय सरळ पडणं कायमचं गेलं. त्यानंतर उकंडाजींनी पेन्सिल धरली.

पहिली पत्रं गेली बुलढाण्याच्या साहेबाला. उत्तर आलं की सदर डुकरं निजामाच्या मुलखातून येतात असं दिसतं, सबब दोन्हीकडून विचार करावा लागेल. त्या काळी आमचं वऱ्हाड कागदावर निजामाचं, कारभाराने नागपूरचं, तेव्हा डुकरं नेमकी कोणाची रयत हा प्रश्न साहेबाला पडणं साहजिक होतं. उकंडाजींनी उलट विचारलं, "डुकराईले हद्द दाखवाले कोनी गेलं होतं काय?" त्यावर कचेरी गप्प झाली ती झालीच.

तालुक्यात बंदुका नव्हत्या असं नाही. रावसाहेबाकडे होती, वकिलाकडे होती, मेहकरच्या एका सावकाराकडे तर दोन होत्या. यांपैकी एकाचंही वावर जंगलाला लागून नव्हतं. उकंडाजी म्हणत, "ज्याच्या वावरात डुक्कर त्याच्या हातात डबा, अन् ज्याच्या बैठकीत लोड-तक्के त्याच्या खुंटीले बंदूक. सरकारचा हिशेब बराबर हाय बे. लोड-तक्के डुकरानं फाडले तं?"

मग नागपूरच्या असेंब्लीच्या निवडणुका आल्या. सारा भरणाऱ्यांना मत होतं, म्हणजे उकंडाजींनाही होतं. उमेदवार आमच्याच जिल्ह्यातले, वकिली केलेले, पण बोलणं अस्सल आपलं. त्यांची मोटार आमच्या नाल्यात रुतली आणि आख्ख्या गावाने ती उचलून बाहेर काढली. तीत हे होणारे मेंबरसाहेब बसलेलेच होते, ते उतरले नाहीत. उकंडाजी त्यांना म्हणाले, "साहेब, मले बंदूक नाही पाह्यजे, मले जवारी पाह्यजे. पन जवारीची वाट आता बंदुकीतून जाते."

साहेबांना हे वाक्य फार आवडलं. त्यांनी उकंडाजींच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी मले लेहा उकंडाजी. जसं बोलता तसंच लेहा. मी असेंब्लीत मांडतो."

झालं. माणूस लिहीत सुटला. निवडून आल्यावर साहेबांचं उत्तर येत नव्हतं, पण त्याने काय होतं? उकंडाजी म्हणत, "विहिरीत गोटा टाकला की लगेच आवाज येते काय? खोल विहीर असन तं टाइम लागते." मी म्हणालो, विहीर कोरडी असली तरी आवाज येतो. त्यांनी जांभळी जीभ दाखवली आणि पुन्हा पेन्सिल ओली केली.

मी एकदा सुचवलंही, की मेहकरला तहसिलीसमोर अर्जनवीस बसतो, त्याच्याकडून शुद्ध भाषेत लिहून घ्या. त्यांना ते पटलं नाही. "पुन्याच्या भाषेत लेहलं की डुक्कर बी सोवळ्यातलं वाटते. आपलं डुक्कर आपल्या बोलीतच असू दे. अन् मेंबरच म्हने ना, बोलता तसंच लेहा."

म्हणून त्यांनी बोलतात तसंच लिहिलं : आमच्या गावच्या डुकराईले बंदूक पाह्यजे.

यात वऱ्हाडातल्या कोणाला काही वावगं दिसणार नाही. तापाले औषध, तशी डुकराईले बंदूक. पण मेंबरसाहेबांनी नागपुरात एक कारकून ठेवला होता, पुण्याकडचा. पत्रांचं इंग्रजी तो करी. त्याने 'ले' म्हणजे 'ला' असं रास्त धरलं आणि स्वच्छ इंग्रजीत लिहिलं की अमुक गावच्या डुकरांना बंदुका पुरवाव्यात अशी तेथील एका शेतकऱ्याची मागणी आहे. साहेबांनी तो कागद न वाचता खिशात घातला आणि सभागृहात उभं राहून वाचला.

ही हकीकत आम्हाला सांगितली आमच्या पाटलाने. पाटील त्या वेळी कसल्याशा किताबाच्या खटपटीत नागपूरला गेले होते आणि गॅलरीत बसले होते. चावडीसमोर सांगताना त्यांना हसू आवरेना.

"एक मेंबर उठला," पाटील म्हणाले, "म्हने, डुकराईनं अर्ज सोता येऊन करावा. दुसरा म्हने, आधी त्याईले मताचा हक द्या, मंग बंदुकीचं पाहू. आरे, छत खाली येते का काय असं झालं."

सगळी चावडी हसली. उकंडाजी खांबाला टेकून उभे होते. हशा ओसरू देऊन त्यांनी विचारलं, "मंग आपले मेंबर काय बोलले?"

"आपले? लय हसले बाप्पा. डोयाले रुमाल लावून हसले."

"त्याईले तं समजलं अशीन ना, म्या काय लेहलं ते. त्याईची माय बी तसंच बोलत अशीन."

"समजलं असन. पन अख्खी सभा हासून राह्यली तं मंधात कोन उठते बे?"

उकंडाजी घरी गेले. पुढच्या बाजारी मेहकरात वांगी विकणारी बाईसुद्धा त्यांना म्हणाली, "काय भाऊ, डुकराईले भेटली काय बंदूक?" गाडीवाले म्हणू लागले, सोयरे म्हणू लागले. चिखलीच्या एका लग्नात त्यांची ओळख नवरदेवाच्या बापाला 'हे डुकराचे मेंबर' अशी करून दिली गेली. ते हे सगळं ऐकून घेत. मला म्हणाले, "हासाले तोंड उघडा लागते. उघड्या तोंडात एखांदा शब्द जाईन बी." पण हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

शेवटी ते मेहकरच्या अर्जनविसासमोर जाऊन बसलेच. मी सोबत होतो. अर्जनविसाने टाक बुडवला आणि 'वन्य वराहांचा उपद्रव' असं लिहिलं.

"हे वराह कोन?" उकंडाजींनी विचारलं.

"डुक्कर."

"मंग डुक्करच काऊन नाही लेहत?"

"डुक्कर लिहिलं की हसतात," अर्जनवीस म्हणाला. त्यालाही ती गोष्ट माहीत होती.

आणि काय सांगू, वराहांचं वजन पडलं. ज्या कचेरीने आमच्या डुकरांकडे इतकी वर्षं ढुंकून पाहिलं नव्हतं, तिने वराह म्हटल्याबरोबर चौकशीला माणूस धाडला. तो घोड्यावर आला, पाटलाकडे जेवला, वावराकडे तोंड करून उभा राहिला आणि परत गेला. पुढे हुकूम आला : पिकाच्या राखणीसाठी गावाला एक बंदूक मंजूर. लायसन गावातल्या जबाबदार इसमाच्या नावे.

जबाबदार इसम कोण हे कचेरीला विचारावं लागलं नाही. ती त्याच्याकडे जेवलीच होती.

पाटलाची बंदूक गावात आली तेव्हा तिची हळदकुंकू लावून पूजा झाली, आणि नारळ उकंडाजींच्या हातून फोडवला गेला. त्यांनी तो फोडला. घरी येताना मला एवढंच म्हणाले, "माह्या बोलीत मांगतली तं हासले. त्याईच्या बोलीत मांगतली तं दुसऱ्याले देल्ली."

त्या बंदुकीने काय काय केलं त्याची पोथी होईल. दुसरबीडला पाटलाच्या साडूच्या लग्नात ती इतकी झडली की नवरीच्या मामाला महिनाभर ऐकू येत नव्हतं, आणि त्या महिन्यात त्याचा संसार फार सुखाचा झाला. तिने ससे मारले, तितर मारले, एकदा एक हरीण मारलं, आणि एकदा पाटलाच्याच म्हशीचं शिंग उडवलं. ती म्हैस पुढे बंदूक दिसली की आपण होऊन दूध देई. डुक्कर मात्र तिने एकही पाहिलं नाही. उकंडाजी पाटलाकडे गेले, मला घेऊन गेले.

"पाटील, जवारी हुरड्यात आली. एक दिवस या ना धुऱ्यावर. म्होरक्या पडला की बाकीचे फिरकत नाहीत."

पाटील पान लावत होते. "काडतुसं मोजून भेटतात गा. कशापायी झाडलं त्याचा जबाब द्या लागते."

"मंग द्या ना जबाब. डुक्कर मारलं म्हना."

"डुक्कर मारून कोनी पाटलाचं नाव घेते काय? वाघ असता तं गोष्ट अलग होती."

उकंडाजी उठले. त्या दिवसापासून त्यांनी लिहिणं बंद केलं. पाट ओसरीवर पालथा पडून राहिला. हळूहळू त्यांची जीभ चारचौघांसारखी तांबडी झाली, आणि ती बघून मला कसंतरीच होई. मेहकरचे लोकही त्यांना चिडवेनासे झाले. जो चिडत नाही, लिहीत नाही, त्याला काय म्हणायचं?

यापुढचं मी वाढवून सांगत नाही. सांगता येत असतं तरी सांगितलं नसतं.

त्या हंगामात एका सकाळी मी वावरात गेलो तेव्हा त्यांच्या माळ्यावर कोणी नव्हतं. माळ्याच्या खाली जवारी आडवी झाली होती आणि त्यात ते पडले होते. पोटाला धरून पडले होते. डबा चेपून शेजारी पडला होता. कुऱ्हाड माळ्यावरच राहिली होती. कळपामागे ते डबा घेऊनच उतरले असावेत, मंजुळाबाईच्या वेळी धावले तसे.

घरी आणल्यावर कोणीतरी त्यांच्या ओठांकडे बोट केलं. ओठ जांभळे, जीभ जांभळी. बायका कुजबुजल्या, की डुकराच्या सुळ्याला विख असतं, ते चढलं. मंजुळाबाई उशाशी बसली होती. तिने पदराच्या टोकाने त्यांचे ओठ पुसून पाहिले. ते पुसले गेले नाहीत.

"विख नाही ते," ती म्हणाली. "पेन्सिल हाय. काल संध्याकाळी पुन्हा लेहाले बसले होते."

तिरडी बांधून झाली. गाव अंगणात जमलं. तेवढ्यात पाटील आले, डोक्याला फेटा, खांद्याला बंदूक. त्यांचा चेहरा खरोखर पडलेला होता, हे मला सांगितलं पाहिजे. ते म्हणाले, "उकंडाजीले बंदुकीचा लय शौक होता. लय पत्रं लेहली बिचाऱ्यानं. त्याच्या नावानं एक बार काढतो." पाटलांनी नळी आभाळाकडे केली आणि बार काढला. निंबावरचे कावळे उठून गेले. धूर अंगणात खाली बसला.

मंजुळाबाई एका पायावर भार देऊन दाराच्या चौकटीला धरून उभी होती. सकाळपासून तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, तेव्हाही नव्हतं. तिने आभाळाकडे पाहिलं, मग पाटलाकडे पाहिलं.

"वर काऊन झाडली पाटील?" ती म्हणाली. "डुकरं तं खाली असतात."